तिचा जीव, आपली अपेक्षा

मैत्रिणींनो, जून २०२१ आठवतो ना? करोनाची दुसरी लाट इतरत्र ओसरत होती, पण आमच्या कोल्हापुरात रुग्ण काही हटत नव्हते. नेमक्या त्याच वेळी, १५ जूनपासून, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताई संपावर गेल्या. "अशा वेळी संप? माणुसकी आहे की नाही?" असं पुष्कळ जणी म्हणाल्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आशा आहे. ती मला म्हणाली, "बाई, दारोदार ताप नि ऑक्सिजन तपासायचा, लोक कडी लावून घेतात. घरी आलं की पोरांना जवळ घ्यायची भीती. कामावर गेलं तरी जीव खातो, नाही गेलं तरी खातो. आणि पगार नाहीच, मानधन तेवढं!"

१८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो, ते योग्यच. पण त्याग ज्याचा त्यानं करायचा असतो. दुसरीकडून तो स्वस्तात मागायचा नसतो.

आठवडाभरानं मानधनवाढीचं ठरलं, संप मिटला, त्या पुन्हा दारोदार फिरू लागल्या. तुमच्या दारी आशाताई आली, तर चहा जरूर विचारा. पण तिला मोबदला वेळेवर मिळतो का, हेही विचारा.