रुग्णालयातून निघालेले पत्र

क्लिफर्ड बीअर्सला भेटायला रुग्णालयात त्याचा भाऊ जॉर्ज नेमाने येत असे. समोर बसलेला हा माणूस भाऊ नसून भावाचे सोंग घेतलेला गुप्त पोलीस आहे, याबद्दल क्लिफर्डच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तो गप्प बसे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा हा तरुण १८९७ साली येल विद्यापीठातून पदवीधर झाला आणि न्यूयॉर्कला नोकरीला लागला. एका भावाला फेफऱ्याचा विकार होता. आपल्यालाही तो होणार, या धास्तीने त्याला पोखरले. २३ जून १९०० रोजी त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि जखमी होऊन वाचला. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, तेव्हा पोलीस मागावर असणारच, हे त्याने मनाशी पक्के धरले. रुग्णालयातल्या खोलीच्या खिडकीला गज होते. ते रुग्णाने पुन्हा काही करून घेऊ नये म्हणून बसवलेले. त्याला मात्र तो तुरुंग वाटला. पुढची तीन वर्षे बहुतेक अशाच वॉर्डांत गेली: दोन खासगी संस्था, मग सरकारी रुग्णालय.

भावाची खात्री कशी करायची? त्याच्या ओळखीच्या एका रुग्णाला गावात जायची परवानगी होती. क्लिफर्डने त्याला शहराच्या डिरेक्टरीत जॉर्जचा पत्ता पाहायला सांगितले आणि त्या पत्त्यावर पत्र धाडले. मजकुराचा मथितार्थ असा: तू खरा जॉर्ज असशील तर येताना हेच पत्र घेऊन ये, नाहीतर आपले बोलणे होणार नाही. ३० ऑगस्ट १९०२ रोजी जॉर्ज आला आणि त्याने तेच पत्र पुढे केले. ७९८ दिवस डोक्यात रचलेला संशयाचा डोलारा त्या क्षणी कोसळला.

आजार मात्र गेला नव्हता. त्याने कूस बदलली. मुका बसणारा माणूस अखंड बोलू लागला. त्याला लिहायला कागद पुरेना, तेव्हा तो पुडक्यांना गुंडाळायच्या कागदाच्या लांबलचक पट्ट्यांवर लिहू लागला. त्याच्या डोक्यात जगभरच्या मनोरुग्णालयांत सुधारणा करायच्या योजना होत्या. कर्मचाऱ्यांना हा रुग्ण डोईजड झाला, आणि मग स्ट्रेट-जॅकेट आले. जाड कापडाचा हा अंगरखा, बाह्यांची तोंडे शिवून बंद केलेली. हात छातीवर आडवे घेऊन बाह्यांच्या दोऱ्या पाठीमागे करकचून बांधायच्या. कूस बदलता येत नाही, नाक खाजवता येत नाही, रात्रभर बोटे बधिर होतात. पुढे सरकारी रुग्णालयाच्या 'दांडग्यां'च्या वॉर्डात त्याने अटेंडंटांची मारहाण पाहिली, स्वतःही खाल्ली आणि ऐन थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी कोठडीत दिवस काढले.

त्याची पत्रे डॉक्टरांच्या हाती पडत आणि अडकत. शेवटी १९०३ मध्ये त्याने थेट राज्याच्या गव्हर्नरांना लांबलचक तक्रार लिहिली आणि वॉर्डातल्यांचा डोळा चुकवून टपालात टाकवली. ती पोहोचली.

त्याच वर्षी तो बाहेर पडला. मार्च १९०८ मध्ये 'अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ' हे त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचे पत्र प्रस्तावनेच्या जागी छापले होते. त्याच साली त्याने कनेक्टिकटमध्ये आणि १९०९ साली राष्ट्रीय पातळीवर मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली. आजची 'मेंटल हेल्थ अमेरिका' ती हीच. बीअर्सचा राग रुग्णालयावर नव्हता, तिथल्या बंद दारामागच्या मनमानीवर होता. १९३९ साली पुन्हा तोल जाऊ लागला तेव्हा तो आपणहून रुग्णालयात दाखल झाला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडात ठेवायला पूर्ण मनाई केली आहे. बांधून ठेवणे हा तात्काळ धोका टाळायचा अन्य मार्ग नसेल तेव्हाचाच उपाय, तोही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरताच. भेटीगाठी, फोन, ईमेल हा दाखल रुग्णाचा हक्क आहे. काही कारणाने संपर्कावर मर्यादा आल्या तरी न्यायाधीश, आमदार-खासदार, वकील आणि रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी यांच्याशी होणारा संपर्क तोडता येत नाही. बीअर्सला जे पत्र चोरून पाठवावे लागले, ते इथला रुग्ण उघडपणे पाठवू शकतो.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत असो की एखाद्या खासगी दवाखान्यात, घरचे माणूस दाखल करायची वेळ आली तर औषधांच्या यादीबरोबर आणखी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्या: याला फोन कुठून करता येईल, आणि याचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून कागदावर कोणाचे नाव आहे?