लिव्हर म्हणेल ते खरं?

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या परिसरात औषध कंपन्यांत नोकरी करणारी मराठी माणसं बरीच. त्यांच्यातलीच मी. नवं रसायन जनुकांत बिघाड घडवतं का, ते बघणं हे माझं काम. त्यासाठी ब्रूस एम्स यांची चाचणी वापरतात: हिस्टिडिन या अमिनो आम्लावाचून न वाढणारे साल्मोनेला बॅक्टेरिया घ्यायचे. म्युटेशन झालं की ते त्याच्याशिवायही वाढतात. ४८ तासांनी प्लेटवरच्या कॉलन्या मोजायच्या.

पण कित्येक रसायनं मुळात साधी असतात. लिव्हरमधलं सायटोक्रोम पी-४५० त्यांना विखारी करतं. या बॅक्टेरियांकडे ती सोय नाही. म्हणून उंदराचं लिव्हर वाटून, ९००० जी बलानं फिरवून वर राहिलेला द्रव, म्हणजे एस-नाइन, सोबत घालतात.

लिव्हरऐवजी पी-४५०च्या गाभ्यासारखं लोह-पॉर्फिरिन आणि एखादा ऑक्सिडंट वापरता येतो. अशा जोडीनं रसायनाला ऑक्सिजनचा अणू चिकटवता येतो, हे जॉन ग्रोव्ह्ज यांनी १९७९ मध्ये दाखवलं. पुढे ते आमच्या शेजारच्या प्रिन्स्टनला आले. जपानमध्ये मोचिझुकी आणि इनामी यांनी ती कल्पना एम्स चाचणीत आणली. मी मात्र त्याला खेळणं म्हणायचे. लिव्हर ते लिव्हर!

हे मत हललं ते नायट्रोसामाइनमुळे. २०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या गोळ्यांत एनडीएमए हे नायट्रोसामाइन सापडलं आणि जगभर गोळ्या परत मागवल्या गेल्या. पुढे नियामकांनी नायट्रोसामाइनसाठी उंदराबरोबर हॅमस्टरचंही एस-नाइन घ्यायला सांगितलं, तेही ३० टक्के. प्राणी बदलला की निकाल बदलू शकतो, तर मग प्रमाण कशाला म्हणायचं? शिवाय एस-नाइनलाही एनएडीपी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट आपणच पुरवतो. तेही एक मॉडेलच की.

एस-नाइनमध्ये विष घडवणारी एन्झाइमं असतात, तशी ते निववणारीही. निकाल निगेटिव्ह आला, तर विष झालंच नाही की होऊन विरलं, हे नुसत्या प्लेटवरून कळत नाही. पॉर्फिरिनच्या ट्यूबमध्ये प्रोटीनची गर्दी नसते. जे तयार झालं ते वेगळं काढून ओळखणं सोपं जातं.

त्याच्याही खोडी आहेतच. टर्ट-ब्यूटिल हायड्रोपेरॉक्साइड हा ऑक्सिडंट स्वतःच साल्मोनेलाच्या टीए१०२ या वाणात म्युटेशन घडवतो, म्हणून नुसत्या ऑक्सिडंटची प्लेट शेजारी लावावीच लागते. आणि एकट्या पॉर्फिरिनच्या भरवशावर औषध सुरक्षित ठरवायला मी आजही तयार नाही. निकाल एस-नाइननंच द्यावा. पण विष नेमकं कोणत्या पायरीवर तयार झालं, हे विचारायचं असेल, तर मी आता आधी पॉर्फिरिनकडे जाते.