थोरल्यांचा रस्ता, धाकट्यांचा वाडा

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे आजही हाताला टोचतात. या दरवाजाकडे पाठ करून, वाड्याच्या कडेकडेने मी दक्षिणेला निघालो. बाजीराव रस्ता नीट पाहायचा तर पायीच, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. दुचाकीवर असताना तो फक्त पुढच्या रिक्षाचा मागचा भाग दाखवतो.

छत्रपतींची गादी साताऱ्याला, पण राज्याचा कारभार पुण्यातून, अशी ही राजधानी. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला गेला. १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. त्या वेळच्या हिशेबाने खर्च १६,११० रुपये. एवढं राजधानीचं शहर, पण दिल्लीच्या राजपथासारखा (२०२२ पासून कर्तव्यपथ) मिरवणुकीचा सरळसोट रस्ता पेशव्यांनी काही आखला नाही. पेठ वसवायची, पेठेला वार द्यायचा, पाण्याला हौद बांधायचा आणि बोळ आपोआप पडू द्यायचे, असा सगळा मामला. कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणणाऱ्यांना रस्ता सरळ आखता आला नसता असं नाही. गरजच वाटली नसावी. पालखी आणि घोडा बोळातूनही जातात. आजचा रुंद, वाहता बाजीराव रस्ता नगरपालिकेच्या आणि मोटारींच्या काळातला आहे. पाट्यांवर त्याचं नाव ‘थोरले बाजीराव’ असं आदराने लिहिलेलं असतं.

पहिला मुक्काम अप्पा बळवंत चौक. ज्यांच्या नावाने हा चौक आहे ते अप्पा बळवंत मेहेंदळे पेशव्यांचे सरदार. त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले. आज या नावाचा उच्चार पूर्ण कोणी करत नाही, सगळे ‘एबीसी’ म्हणतात. शाळा सुरू व्हायच्या सुमाराला इथल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते.

‘काका, अकरावी सायन्सचा सेट?’ शेजारच्या मुलीने दुकानदाराला विचारलं.

‘जुना की नवा?’

‘जुना... पण खुणा केलेला नको.’

‘खुणा केलेलाच घे. कुणीतरी आधी अभ्यास केलाय त्यात,’ काकांनी मान वर न करता सांगितलं आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला. मुलीने तो घेतला. पुण्यात गिऱ्हाईक नेहमीच हरतं, पण इथे काकांचं म्हणणं मला बरोबर वाटलं.

नूतन मराठी विद्यालयावरून पुढे आलो की सेवासदन चौकात लक्ष्मी रस्ता आडवा येतो. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सुरू केलेल्या सेवासदनचं नाव या चौकाला आहे, पण चौकातल्या निम्म्या लोकांचं लक्ष साड्यांच्या काचांकडे. तो ओलांडला, की ज्याच्यासाठी मी चाललो होतो तो विश्रामबागवाडा.

इथे या रस्त्याची खरी गंमत आहे. रस्ता थोरल्या बाजीरावांचा. आणि त्यावरचा अजून उभा असलेला देखणा वाडा धाकट्याचा, दुसऱ्या बाजीरावाचा. थोरल्यांचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत आतून संपला. तट, बुरूज, दरवाजे तेवढे राहिले. धाकटे १८०८ च्या सुमाराला या वाड्यात राहायला आले. विश्रांती फार लाभली नाही: नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई हरली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढे १८२१ मध्ये याच वाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या आगीतूनही वाडा वाचला, आणि नंतर बरीच वर्षं नगरपालिकेचा कारभार इथूनच चालला. म्हणजे पेशव्यांपासून पाणीपट्टीपर्यंत.

फुटपाथवरून मान वर केली की पुढे आलेला सज्जा दिसतो. खाली लाकडी खांब, सुरूच्या झाडासारखे, बुंध्यापासून वर निमुळते होत गेलेले. एका खांबावर बोट फिरवलं; कोरीव पाकळ्यांच्या खाचांत काळपट धूळ घट्ट बसली आहे. ती धूळ पीएमटीच्या काळापासूनची असावी. समोर तुळशीबागेत बांगड्या आणि चाळण्यांचा गजर चालू होता. नारो अप्पाजी खिरे यांनी उभारलेलं राममंदिर त्या बाजाराच्या आत आहे, हे खरेदीला आलेल्या कितीजणांना आठवतं कोण जाणे.

चितळ्यांच्या दुकानावरून बाकरवडीचा वास घेत शनिपार, मग नगरकर तालीम. इथून पुढे रस्त्याला सांगण्यासारखं फार काही नाही. पूरम चौकात टिळक रस्ता भेटतो आणि पलीकडे सारसबाग. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथे तळं होतं, म्हणून आतला तो ‘तळ्यातला गणपती’. तळं गेलं, गणपती राहिला.

या सगळ्या वाटेवर वाहनं एकाच दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेला धावतात. परतीची वाट शेजारच्या शिवाजी रस्त्याने. त्यामुळे वेग वाढला आणि रस्ता ओलांडणारे म्हातारे फुटपाथच्या कडेला ताटकळत उभे राहू लागले. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. तसाच एक दिवस, सेवासदन चौक ते शनिपार एवढ्याच पट्ट्यापुरता का होईना, बाजीराव रस्त्यालाही द्यावा, ही विनंती.