तव्यावरचे दोन थेंब

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तेव्हा वाचकहो, चूकभूल द्यावी घ्यावी. पण ही गोष्ट इंग्लिश सेक्शनला द्यावीशी वाटली नाही, कारण तिच्यातला खरा इंजिनिअर मराठीच बोलतो.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत माझ्या काकांचा एक जुना बुलडोझर आहे. शेतं सपाट करायची, बांध घालायचे, यावरच त्यांचं घर चालतं. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर डोझर अंगणात उभा! ब्लेड झटके खात वर जायचं आणि अर्ध्यावरच थांबायचं. पंप तर नुसता किंचाळत होता.

"बाळा, तू मेकॅनिकलची ना? बघ की जरा," काका म्हणाले.

हायड्रॉलिक्सचा पेपर नुकताच दिलेला. मी आवाज ऐकला आणि ऐटीत सांगितलं, "कॅव्हिटेशन आहे. पंप गेला." काका काहीच बोलले नाहीत, फक्त काकूंकडे बघितलं. नवा पंप म्हणजे नवं कर्ज.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर मामा सुट्टीवरून आले. शिक्षण चौथी. त्यांनी आधी टाकीतली पट्टी बाहेर काढली. (मी ती काढलीच नव्हती!) "ताई, ह्याचं तर ताक झालंय."

"हवेचे बुडबुडे असतील," मी हार मानेना.

त्यांनी थोडं तेल काचेच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. हवा असेल तर तेल निवळतं, पाणी मिसळलं असेल तर पांढरंच राहतं. संध्याकाळपर्यंत ते पांढरंच होतं. मग काकूंचा एक जुना तवा तापवून खाली उतरवला, मला लांब उभं केलं आणि दोन थेंब टाकले. तडतड, तडतड! कोरं तेल टाकलं तर ते गप्प. नंतर लायब्ररीत वाचलं, या चाचणीला खरंच 'क्रॅकल टेस्ट' म्हणतात.

मग फिल्टर कापून घड्या उलगडल्या. धातूचा चुरा नव्हता. म्हणजे पंप अजून शाबूत होता. टाकीचा ब्रीदर, सिलिंडरची सीलं, सगळं ठीक. मग पाणी आलं कुठून?

"गणपतीत तेल कोणी भरलं होतं?" मामांनी विचारलं.

माझ्या पोटात गोळा आला. भर पावसात अंगणात उभ्या असलेल्या ड्रममधून मीच भरलं होतं. ड्रमच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री थंड होऊन आकसते आणि बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मी क्षणभर गप्प राहिले. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण काका नगरला पंपासाठी फोन लावायला निघाले होते.

"मीच," मी म्हणाले.

काका थांबले. "मग पंप वाचला म्हणायचा," एवढंच बोलले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

गरम असतानाच सगळं तेल काढलं. टाकी पुसली, तीही धागे न सुटणाऱ्या कापडाने. नवं तेल, नवा फिल्टर. ब्लेड वर-खाली करून नळ्यांतलं आणि सिलिंडरमधलं जुनं तेल टाकीत आणलं, ते पुन्हा काढलं आणि पुन्हा नवं भरलं. खर्च झालाच, पण पंपाचा वाचला. तिसऱ्या दिवशी ब्लेड गुमान वर गेलं.

आता ड्रम शेडमध्ये आडवा असतो. दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती आतून तेलात बुडालेली राहतात.

काकू नारळ घेऊन येमाईच्या देवळात निघाल्या. मीही निघाले, पण आधी मामांच्या पाया पडले. ते मागे सरकत म्हणाले, "अगं ताई, हात तेलकट हायेत माझे!"