दिमोना ते दर्या

नातवंडांनी ठरवलं, आजीला अश्कलोनचा दर्या दाखवायचा. शुक्रवार नको, शब्बाथच्या आत परतायची घाई होते. मंगळवार धरला, आपला शुभवार! जुलैत मेदुझा फार, अंगाला झोंबतात. म्हणून ऑगस्ट अखेर. बेर शेवा ३५ किलोमीटर, तिथे चहा. डब्यात चपात्या नि बटाट्याची भाजी. मुलांनो, काळा झेंडा दिसला तर पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, बरं का!

मुलगा म्हणाला, ‘आई, पहाटे ५ ला निघू, ऊन चढायच्या आत परत.’ मी म्हटलं, नाही रे बाबा, दुपारी निघू. अलिबागला तुझ्या पप्पांबरोबर सूर्य पाण्यात बुडताना बघायचे मी. इथेही दर्या पश्चिमेलाच. ते गेल्यापासून मी किनाऱ्यावर गेलेच नाही. अंधार पडेपर्यंत थांबायचं. मुलगा काही बोलला नाही, गाडीत माझी खुर्ची तेवढी ठेवली.