कोऱ्या कागदावरचा बर्फ

स्वीडन देशाच्या पश्चिमेला वेर्मलांड नावाचा प्रांत आहे. जंगले, तळी आणि लोखंडाचे जुने कारखाने यांचा हा मुलूख. येथून वाहणारी क्लार नदी कार्लस्टाड शहराजवळ वेनर्न या देशातील सर्वांत मोठ्या सरोवराला मिळते. याच नदीकाठी, पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेल्या मुंकफोर्स या लहान गावी 1954 साली लार्स लेरिन यांचा जन्म झाला. उत्तरेकडचा हिवाळा जलरंगात उतरविणारा चित्रकार म्हणून त्यांना सारा स्वीडन ओळखतो.

लेरिन काही वर्षे नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर राहिले. ही बेटे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहेत. तेथे डिसेंबरच्या सुरुवातीपासून जवळजवळ महिनाभर सूर्य उगवतच नाही. मात्र अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही. म्हणून ऐन थंडीत कोळी बांधव कॉड मासे धरतात आणि लाकडी मांडवांवर उघड्या वाऱ्यात वाळत घालतात. अशा कष्टकऱ्यांच्या वस्तीतली बर्फाने झाकलेली छपरे आणि काळोखात पेटलेली एखादी खिडकी लेरिन यांच्या चित्रांत दिसते.

इलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसणाऱ्या आपल्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जलरंगातला बर्फ सहसा पांढऱ्या रंगाने काढीत नाहीत. तेवढा कागद कोरा राखतात आणि भोवतीची सावली, झाडे, आकाश रंगवितात. गडद रंग एकदा बसला की तो शुभ्रपणा पूर्वीसारखा परत मिळत नाही. म्हणून कुंचला उचलण्याआधी नीट पाहावे लागते. हे पाहणे शिकायला पैसा लागत नाही, धीर लागतो.

2012 साली कार्लस्टाडला सांडग्रुंड येथे लेरिन यांच्या चित्रांचे दालन उघडले. ही इमारत म्हणजे एके काळचे नाचगाण्याचे उपाहारगृह. जेथे सामान्य माणसे शनिवार-रविवारी करमणुकीला येत, तेथेच आता चित्रे लागली आहेत.

आम्हाला याहूनही मोलाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम. 2010 नंतरच्या दशकात स्वीडनच्या दूरदर्शनवर त्यांची एक मालिका झाली. तीत त्यांनी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना शिष्य म्हणून जवळ केले आणि चित्रकला शिकविली. ज्यांना समाज 'याला काय कळते' म्हणून बाजूला बसवितो, त्यांच्या हाती त्यांनी कुंचला दिला.

'याला काय कळते' हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. तेव्हा ते आपल्या घरात तरी कोणाच्या वाट्याला येऊ नये. घरात असे एखादे मूल असेल तर इतर भावंडांबरोबर त्याच्याही पुढे रंगपेटी ठेवा. चित्र बिघडले तर बिघडू द्या. दुसरा कागद द्या.