एकाच डब्यातून

वाशीच्या दाणाबाजारात तीस वर्षांहून अधिक काळ पेढी सांभाळलेल्या एका गृहस्थांनी पासष्टीत गादी मुलाच्या हाती दिली. दिली म्हणायची इतकेच. तुरीचा भाव असो वा उधारीची मुदत, शेवटचा शब्द त्यांचाच असे. मुलाने विचारले नाही तर यांचाच फोन जाई.

अशा मनःस्थितीत गेल्या चैत्रात ते सपत्नीक जपानला निघाले. एरवी त्यांचा परदेश म्हणजे स्वयंपाकी बरोबर घेऊन निघणारी सहल. या वेळी पत्नीची इच्छा निराळी होती. कोबे येथील महावीरस्वामींचे दर्शन घ्यायचे, आणि तेही साध्या गाडीने, देश पाहत पाहत. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी कितानो भागात १९८५ मध्ये हे शुभ्र संगमरवरी देरासर उभारले आहे.

तोक्यो ते कोबे हे अंतर सुमारे ५९० किलोमीटर. बुलेट ट्रेन ते तीन तासांच्या आत कापते. लोकल गाड्या बदलत गेल्यास साडेनऊ-दहा तास लागतात. सुट्ट्यांच्या हंगामात जपानी रेल्वे त्यासाठी खास तिकीट विकते. पाच सलग दिवसांचे १२,०५० येन. बुलेट ट्रेनला किंवा एक्स्प्रेस गाड्यांना ते चालत नाही. १९८२ पासून चालत आलेल्या या तिकिटाच्या नावात ‘तारुण्य’ आणि ‘अठरा’ असे शब्द आहेत, पण वयाची अट नाही. ते ऐकून पत्नी मनापासून हसल्या.

सकाळी तोक्यो सोडले. आतामी, शिझुओका, हमामात्सु अशी गाडी बदलत प्रवास चालला होता. उजव्या खिडकीत फुजी पर्वत आला, मग चहाचे हिरवे मळे. चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारीत होता. रोजमेळ जुळवताना आकड्यावर बोट ठेवून वाचणाऱ्या जुन्या मुनिमाची आठवण व्हावी तसे. लोकलमध्ये खाण्याची तेथे रीत नाही, म्हणून थेपले-खाखऱ्याचा डबा हमामात्सुच्या फलाटावर उघडला.

तेव्हा पत्नी सहज म्हणाल्या, “अहो, लग्नाला चाळीस वर्षे झाली. लोकलमध्ये शेजारी बसून आपण पहिल्यांदाच जातो आहोत.”

खरेच होते. १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाल्यापासून घाटकोपरहून कुर्ल्याला गाडी बदलून वाशीला येणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. कधी दोघे बरोबर निघाले, तरी त्या बायकांच्या डब्यात आणि हे पुरुषांच्या गर्दीत. भेट व्हायची ती उतरल्यावर पुलाच्या पायथ्याशी. पुढे घरही वाशीला आले आणि तेवढेही बरोबर निघणे उरले नाही.

दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला बाजार उघडताना, खिशातला फोन थरथरू लागला. मुलगा होता. तेथे गाडीत कोणी फोनवर बोलत नाही. डब्यातली शांतता पाहून त्यांनी फोन तसाच ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा ठेवला. बाहेरचे पाहण्यातले लक्ष मात्र उडाले.

ओगाकीला उतरताच त्यांनी फोन लावला. मुलाने तुरीचा सौदा करून टाकला होता. त्यांनी स्वतः दोन दिवस थांबून घेतला असता. रागाचा शब्द ओठांवर आला, एवढ्यात समोरच्या फलाटावरून पत्नी म्हणाल्या, “अहो, गाडी लागली.”

“ठीक आहे. केलास ना, मग तू बघ,” एवढेच बोलून ते गाडीत चढले.

पाचच्या सुमारास कोबे आले. सूर्यास्ताला अवकाश होता. चौविहार सहज साधला. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन झाले. देरासरात त्यांनी किती वेळ डोळे मिटले होते, हे पत्नीनेच नंतर सांगितले.

त्या सौद्यात थोडे नुकसान झाले. घरी आल्यावर मुलाने वही पुढे ठेवली, तेव्हा ते म्हणाले, “पहिल्या वर्षी माझे याहून जास्त गेले होते.” ही गोष्ट मुलाने तोवर कधी ऐकली नव्हती.

आता ते पेढीवर महिन्यातून दोनदा जातात. कधीमधी दुपारी गर्दी ओसरल्यावर वाशी स्थानकात दोघे एकाच डब्यात चढतात. पूल आला की त्या खाडी पाहतात, आणि ते फोन खिशातच राहू देतात.